निळ्या पाण्याची परीक्षा

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशेजारी फळीवर प्लॅस्टिकची एक डबी असे. सात खण आणि प्रत्येक खणावर वाराचे नाव. रविवारी रात्री इशाची नमाज झाली की आम्ही अब्बांच्या आठवडाभराच्या गोळ्या पाकिटांतून फोडून त्या खणांत भरत असू. शाळेत हजेरीपट भरावा तसे हे आमचे दर रविवारचे काम. घरी आलेले पाहुणे ती डबी पाहून म्हणत, "मुलगा असावा तर असा." खोटे कशाला बोला, ऐकून बरे वाटे.

अब्बांचे वय ७८. तीन वर्षांपूर्वी त्यांना लकव्याचा झटका आला. अल्लाहच्या मेहरबानीने ते त्यातून उठले, काठी टेकत मशिदीपर्यंत जाऊ लागले; पण त्यानंतर अधूनमधून आकडी येऊ लागली. डॉक्टरांनी त्यासाठी सोडियम व्हॅल्प्रोएटच्या गोळ्या सुरू केल्या आणि पुढे बरेच महिने आकडी आली नाही. मग गेल्या वर्षीचा पावसाळा आला. आमचा गाव कोकणातला. जुलैत इथे बरणीतल्या मिठाला पाणी सुटते, पापड मऊ पडतात, कपाटातल्या पुस्तकांना बुरशी येते. अशाच एका गुरुवारी पहाटे अब्बा वजू करता करता कोसळले.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "गोळ्या वेळेवर घेतात ना?" आम्ही मोठ्या विश्वासाने ती डबी पुढे केली. डॉक्टरांनी गुरुवारचा खण हातावर पालथा केला. गोळी खाली पडेना. बोटाने काढली तर एका बाजूने फुगलेली आणि चिकट.

"ही पाकिटातून कधी काढली?"

"रविवारी."

"आणि ठेवली कुठे?"

"स्वयंपाकघरात, गॅसच्या शेजारी."

डॉक्टर थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मास्तर, आकडी ह्याच्यामुळेच आली असं मी सांगणार नाही. त्याला दुसरीही कारणं असू शकतात. पण ही गोळी हवेतला ओलावा मिठासारखी ओढून घेते. तोंडात टाकायच्या क्षणापर्यंत ती पाकिटातच राहिली पाहिजे. पाकिटावर तसं लिहिलेलं असतं. वाचलं नव्हतं का?"

नव्हते वाचले. 'आधी प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा' हे इतकी वर्षे मुलांना सांगणाऱ्या आम्हीच पाकिटावरच्या दोन ओळी वाचल्या नव्हत्या.

अब्बा चार दिवसांनी घरी आले. तेव्हापासून गोळीच्या पाकिटाकडे पाहण्याची आमची नजर बदलली. आजवर ते आम्हाला बिस्किटाच्या पुड्यावरच्या कागदासारखे वाटे, फाडायचे आणि टाकायचे. त्या पाकिटामागे केवढी मेहनत आणि केवढी तपासणी असते हे मात्र आम्हाला आमच्या एका विद्यार्थिनीने शिकवले.

ईदच्या दिवशीचा धडा

ही मुलगी दहावीपर्यंत आमच्या शाळेत होती. पुढे रसायनशास्त्रात बी.एस्सी. झाली आणि आता एका औद्योगिक वसाहतीतल्या औषध कारखान्यात पॅकिंग विभागात तपासनीस आहे. त्यानंतरच्या ईदला ती भेटायला आली. शीरखुर्म्याची वाटी हातात असतानाच अब्बांच्या आजाराचा विषय निघाला आणि आम्ही डबीची हकिकत सांगितली. ती हसली नाही. म्हणाली, "सर, आम्ही दिवसभर ज्याच्यासाठी मशीनजवळ उभ्या असतो ते तुम्ही दर रविवारी पाच मिनिटांत फोडून टाकत होता."

मग तिने समजावून सांगितले. गोळ्यांची पाकिटे साधारण तीन प्रकारची असतात. एक म्हणजे दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियमचा वर्ख असलेली स्ट्रिप. वर्खाच्या आतल्या अंगाला प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. गरम रोलरमधून दाबून काढताना तो थर वितळतो आणि दोन वर्ख एकमेकांना चिकटतात. दुसरा प्रकार ब्लिस्टरचा. ह्यात पारदर्शक प्लॅस्टिकच्या पत्र्याला उष्णतेने फुगे आणतात, प्रत्येक फुग्यात गोळी पडते आणि मागून वर्ख चिकटवला जातो. हा वर्ख साधारण २० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे आपल्या डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. तिसरा प्रकार ओलाव्याला फार भिणाऱ्या औषधांसाठी. त्यात वरचा फुगाही ॲल्युमिनियमचाच असतो. कारखान्यात त्याला 'अलु-अलु' म्हणतात.

हा फरक विनाकारण केलेला नाही. साधे पारदर्शक प्लॅस्टिक आपल्याला घट्ट वाटते, पण त्यातून पाण्याची वाफ अगदी हळूहळू आत जातच असते. काही औषधांना तेवढ्याने काही होत नाही. काहींना होते. मुलांना आणि मोठ्यांनाही दिल्या जाणाऱ्या एका प्रतिजैविकात ॲमॉक्सिसिलिनबरोबर क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड असते. ओलावा लागला की ते लवकर खराब होते, म्हणून ह्या गोळ्या ॲल्युमिनियममध्ये बंद करतात. हृदयविकाराच्या रुग्णांना रोज दिली जाणारी ॲस्पिरिन ओलाव्याने फुटली की तिच्यातून ॲसेटिक ॲसिड निघते, म्हणजे व्हिनेगरमधले तेच आम्ल. ॲस्पिरिनचे पाकीट उघडताच आंबट वास आला तर ती गोळी घेऊ नये, हे प्रत्येक घरात माहीत असायला हवे.

"म्हणजे पाकीट हे वेष्टन नाही," आम्ही म्हणालो.

"नाही सर. पाकीट हे अर्धं औषध आहे."

निळे पाणी

आता मुख्य प्रश्न. मशीनमधून मिनिटाला शेकडो पाकिटे बाहेर पडतात. त्यांतले एखादे नीट चिकटलेले नाही हे कसे ओळखायचे? डोळ्यांना तर सगळी सारखीच दिसतात.

ह्यासाठी बहुतेक कारखान्यांत एक जुनी आणि सोपी चाचणी असते. काचेचे जाड भांडे घेतात. त्याला डेसिकेटर म्हणतात. त्यात मिथिलीन ब्लू ह्या रंगाचे निळे पाणी भरतात. मशीनच्या एका फेरीत निघालेली सगळी पाकिटे त्या पाण्यात बुडवतात आणि तरंगू नयेत म्हणून वर वजन ठेवतात. झाकण लावून पंपाने भांड्यातली हवा ओढून घेतात.

गोळीच्या प्रत्येक खणात थोडी हवा असतेच. बाहेरचा दाब कमी झाला की ती आतली हवा फुगते. सील पक्के असेल तर पाकीट नुसते फुगून राहते. कुठे बारीक फट असेल तर तिथून बुडबुड्यांची माळ वर येऊ लागते. ठरलेला वेळ झाला की झडप उघडून भांड्यात हवा परत सोडतात. ज्या खणातून हवा बाहेर गेली होती, त्याच फटीतून आता निळे पाणी आत ओढले जाते. मग पाकिटे बाहेर काढून पुसतात आणि एकेक खण फाडून पाहतात. पांढऱ्या गोळीवर निळा ठिपका दिसला की पाकीट नापास.

एक खण नापास झाला तर काय होते? आम्हाला वाटले, ते पाकीट टाकून देत असतील. तिने मान हलवली. "मशीन थांबवायचं. शेवटची चाचणी पास झाली तेव्हापासून आतापर्यंत निघालेला सगळा माल बाजूला काढायचा. तो सगळा पुन्हा तपासायचा. आणि चूक का झाली ते सापडेपर्यंत मशीन सुरू करायचं नाही." म्हणूनच ही चाचणी काम सुरू होताना, दिवसभर ठराविक वेळाने आणि मशीन बंद पडून पुन्हा सुरू झाले की दर वेळी करतात. प्रत्येक वेळी किती वाजता केली, किती पाकिटे घेतली, निकाल काय आला, हे लिहून खाली सही करतात.

चुकीची कारणे अगदी साधी असतात. रोलर पुरेसा तापलेला नसतो. त्याची नक्षी झिजलेली असते. वर्खाला सुरकुती पडते. गोळीची भुकटी सीलच्या जागी सांडते आणि तेवढ्या जागी वर्ख चिकटत नाही. कधी वर्खातच सुईच्या टोकाएवढे भोक असते.

ती सही करणारी मुलगी आपल्यासारख्याच कुणाच्या घरातली असते. तिला ते पाकीट कुणाच्या हाती जाणार हे ठाऊक नसते आणि पाकीट घेणाऱ्याला ती कोण हे ठाऊक नसते. मध्ये असते ती फक्त त्या चिकटलेल्या वर्खाची हमी. आपल्याकडे अशा गोष्टीला अमानत म्हणतात. तिने ती नीट सांभाळून आपल्या दारापर्यंत पोहोचवलेली असते. पुढची जबाबदारी आपली.

इंजेक्शन आणि सलाईनची गोष्ट वेगळी

गोळीच्या पाकिटाची फट ओलावा आत घेते. इंजेक्शनच्या बाटलीची फट जंतू आत घेते आणि ते थेट रक्तात जातात. त्यामुळे तिथली परीक्षा अधिक कडक असते.

ह्याचा एक मोठा धडा जगाला अमेरिकेत मिळाला. १९७०-७१ साली तिथल्या अनेक रुग्णालयांत सलाईन लावलेल्या रुग्णांना रक्तात जंतुसंसर्ग होऊ लागला. २५ रुग्णालयांत मिळून पावणेचारशेच्या आसपास रुग्ण सापडले. शोध घेता घेता तपास काचेच्या बाटलीच्या बुचापर्यंत पोहोचला. बाटल्या बनवणाऱ्या कंपनीने बुचाच्या आतले अस्तर बदलले होते. बुच आणि नवे अस्तर ह्यांच्या मधल्या जागेत जंतू जगत होते आणि बाटली उघडताना, हाताळताना आतल्या पाण्यात उतरत होते. औषधात काही चूक नव्हती. चूक होती झाकणात. १९७१ च्या मार्चमध्ये त्या बाटल्यांचा वापर थांबवला गेला आणि साथ ओसरली.

जंतू साधारण एक मायक्रॉनचा असतो. माणसाचा केस त्याच्या पन्नास ते शंभर पट जाड. इतकी बारीक फट निळ्या पाण्याने दर वेळी सापडेलच असे नाही. ती सापडणे पाहणाऱ्याच्या नजरेवर, रंगाच्या गडदपणावर, पाण्यात ठेवण्याच्या वेळेवर अवलंबून राहते. शिवाय तपासलेले पाकीट फुकट जाते, त्यामुळे सगळी तपासता येत नाहीत, नमुन्यापुरतीच घेता येतात. म्हणून इंजेक्शनच्या कारखान्यांत यंत्राने मोजता येतील अशा चाचण्या आल्या. एकीत बाटली बंद कोठडीत ठेवून हवा ओढतात आणि मग पंप बंद करून कोठडीतला दाब पाहत राहतात. दाब वाढू लागला तर बाटलीतून काहीतरी बाहेर येते आहे हे उघड झाले. ह्यात बाटली फुकट जात नाही. दुसरीत काचेच्या ॲम्प्यूलला उच्च दाबाची वीज दाखवतात. काचेला तडा असेल तर आतल्या द्रवातून वीज अधिक वाहते आणि यंत्र ती ॲम्प्यूल बाजूला काढते. तिसरीत हेलियम वायू वापरतात, कारण तो अतिशय बारीक फटीतूनही निसटतो आणि यंत्राला लगेच सापडतो. अमेरिकेच्या औषधसंहितेतल्या सीलविषयीच्या प्रकरणाची २०१६ साली नव्याने मांडणी झाली आणि नुसत्या नजरेवर विसंबणाऱ्या चाचण्यांपेक्षा अशा मोजमापाच्या चाचण्यांकडे कल दिला गेला.

सिरिंजचे पाकीटही असेच पाहण्यासारखे आहे. त्याची एक बाजू प्लॅस्टिकची आणि दुसरी कागदाची असते. कागद स्वस्त पडतो म्हणून वापरला असेल असे आम्हाला वाटे. खरे कारण वेगळे. सिरिंज पाकिटात बंद केल्यानंतर तिला वायूने निर्जंतुक करतात. तो वायू कागदाच्या धाग्यांमधून आत जातो आणि बाहेरही येतो; जंतू मात्र त्या धाग्यांत अडकतात. पण कागद ओला झाला की हे राखण संपले. अशा पाकिटाची चाचणी घेताना रंगीत पाणी चिकटवलेल्या कडेला लावून काही सेकंदांतच निकाल पाहावा लागतो, कारण थोड्या वेळाने कागद स्वतःच रंग शोषून घेतो. तेव्हा दवाखान्यात सिरिंजचे पाकीट आपल्यासमोर फोडले जाते की नाही आणि ते कोरडे, न फाटलेले आहे की नाही, हे पाहणे म्हणजे संशय घेणे नव्हे. तो रुग्णाचा हक्क आहे.

सीलचे आणखी एक काम आहे. कुणी मध्ये हात घातला तर ते कळले पाहिजे. १९८२ साली अमेरिकेत शिकागो परिसरात टायलेनॉल ह्या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये कुणीतरी सायनाइड भरले आणि बाटल्या दुकानात परत ठेवल्या. सात माणसे दगावली. कंपनीने देशभरातून सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या. त्यानंतर ते औषध तिहेरी सीलमध्ये आले: डिंकाने बंद केलेला खोका, बाटलीच्या गळ्याला प्लॅस्टिकची पट्टी आणि तोंडावर वर्ख. आज खोकल्याच्या औषधाच्या झाकणाखालची कडी तुटताना 'कट' असा आवाज येतो. तो आवाज आला नाही तर बाटली दुकानदाराला परत करावी.

वर्गातला प्रयोग

हे सगळे ऐकून आम्हाला राहवले नाही. आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. पण विज्ञानाच्या बाईंना सोबत घेऊन आठवीच्या वर्गात ही निळ्या पाण्याची परीक्षा करून पाहिली. मेडिकलमधून सुई नसलेली ५० मिलिलिटरची नवी सिरिंज आणली. मुदत संपलेल्या गोळ्यांचे एक ब्लिस्टर घेतले. त्याचे दोन खण चारी बाजूंना कड राखून वेगळे कापले. एक जसाच्या तसा ठेवला आणि दुसऱ्याच्या वर्खाला टाचणीने हलके भोक पाडले. आधी चांगला खण सिरिंजमध्ये टाकला, शाईचे दोन थेंब घातलेले पाणी ओढून घेतले, वरची हवा बाहेर काढली, तोंड अंगठ्याने दाबून धरले आणि दट्ट्या मागे खेचला. प्लॅस्टिकच्या भिंतीला इकडेतिकडे दोन-चार बारीक बुडबुडे आले. ती पाण्यात विरघळलेली हवा. खणातून काही निघाले नाही. मग टाचणी लावलेला खण. दट्ट्या खेचताच एकाच जागेवरून बुडबुड्यांची रांग निघाली आणि सगळा वर्ग पुढे झुकला. दट्ट्या सोडला, खण बाहेर काढून फाडला. गोळी निळी.

मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो मराठीच्या तासाला सहसा तोंड उघडत नाही, उभा राहून म्हणाला, "सर, भोक तर दिसतच नव्हतं."

हाच तर मुद्दा आहे. भोक दिसत नव्हते.

पुढच्या बाकावरच्या मुलीने त्याहून अवघड प्रश्न विचारला. "सर, पाकिटावर मुदतीची तारीख असते. मग पाकिटातून काढलेल्या गोळीची मुदत किती?"

आम्ही तो प्रश्न कारखान्यातल्या त्या विद्यार्थिनीला फोन करून विचारला. तिचे उत्तर प्रत्येक घरात पोहोचावे असे आहे. औषधाची मुदत ठरवताना ते ज्या पाकिटात विकायचे त्याच पाकिटात बंद करून ठेवतात. त्यातले काही नमुने ४० अंश सेल्सिअस उष्णता आणि ७५ टक्के आर्द्रता असलेल्या कपाटात सहा महिने ठेवतात, काही नेहमीच्या हवामानाशी जुळणाऱ्या कपाटात पूर्ण मुदतभर ठेवतात आणि ठराविक वेळाने औषध किती शिल्लक आहे ते मोजतात. त्यावरून तारीख ठरते. म्हणजे ती तारीख सीलबंद गोळीची आहे. सील फोडले की त्या गोळीसाठी ती तारीख छापील अक्षरांपुरतीच उरली.

आपल्या घरात काय करावे

वाचक बंधू-भगिनींनो, आता कामाच्या गोष्टी. ह्यांत खर्च काही नाही, थोडी एहतियात आहे.

गोळी घेण्याच्या वेळीच पाकिटातून काढावी. खणांची डबी वाईट नाही. एकाच वेळी सात-आठ औषधे घेणाऱ्या वृद्धांना तिचा आधार असतो. पण कोणती गोळी डबीत ठेवलेली चालते आणि कोणती चालत नाही, हे डॉक्टरांना किंवा मेडिकलवाल्याला विचारल्याशिवाय डबी भरू नये. पाकिटावर 'ओलाव्यापासून जपा' अशा अर्थाचा मजकूर असेल तर तिथेच थांबून विचारावे.

औषधे स्वयंपाकघरात, न्हाणीघरात किंवा फ्रिजच्या डोक्यावर ठेवू नयेत. वाफ आणि उष्णता दोन्ही तिथेच जास्त. झोपण्याच्या खोलीतले लहान मुलांचा हात न पोहोचणारे कपाट बरे. बाटलीत 'खाऊ नका' असे लिहिलेली छोटी पुडी असते. ती ओलावा शोषण्यासाठी असते. ती फेकू नये आणि दुसऱ्या बाटलीतही टाकू नये.

मेडिकलमध्ये चारच गोळ्या घेतल्या तर दुकानदार कात्रीने पाकीट कापून देतो. कात्री खणाच्या अगदी कडेवरून गेली तर सील तिथेच उघडे पडते. कड राखून कापायला सांगावे. बॅच क्रमांक आणि मुदत आपल्या तुकड्यावर नसेल तर मागच्या बाजूला चिठ्ठी लावून लिहून घ्यावी. आणि एकेक खण सुटा कापून वृद्धांच्या हाती कधी देऊ नये. नजर कमी झालेल्या माणसांनी वर्खासकट तुकडा गिळल्याचे प्रकार घडतात आणि त्याच्या धारदार कडा अन्ननलिकेला इजा करतात.

गोळीचा रंग बदललेला, कडा फुटलेल्या, दोन गोळ्या एकमेकींना चिकटलेल्या, ओ.आर.एस.च्या पुडीतली पूड दगडासारखी घट्ट झालेली, ॲम्प्यूलला बारीक तडा, पारदर्शक इंजेक्शनात गढूळपणा, असे काही दिसले तर ते औषध वापरू नये. पाकीट आणि बिल जपून ठेवून आधी मेडिकलवाल्याला दाखवावे आणि गरज पडल्यास जिल्ह्यातल्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात तक्रार द्यावी. औषधाने त्रास झाला असेल तर तो कळवण्यासाठी १८००-१८०-३०२४ हा सरकारी निःशुल्क क्रमांक आहे.

डोळ्यांच्या थेंबांची बाटली उघडली की सहसा चार आठवड्यांनी टाकून द्यावी, मग लेबलावरची मुदत दोन वर्षांची का असेना. मुलांच्या प्रतिजैविकाची पूड पाण्यात कालवली की ती किती दिवस चालते ते लेबलावर पाहावे. ते दिवस थोडेच असतात. उरलेली बाटली पुढच्या तापासाठी राखून ठेवू नये.

रमजानमध्ये गोळ्यांच्या वेळा सेहरी आणि इफ्तारवर येतात. त्या डॉक्टरांना विचारूनच बदलाव्यात. पण पहाटेची घाई नको म्हणून रात्रीच गोळ्या फोडून बशीत काढून ठेवण्याची सवय अनेक घरांत आहे, ती सोडावी. हज किंवा उमराहला निघताना बॅगेत जागा वाचावी म्हणून दोन महिन्यांच्या गोळ्या एका बाटलीत एकत्र भरणारे यात्रेकरू आम्ही पाहिले आहेत. असे करू नये. मूळ पाकिटे आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असावी. आखातातल्या मुलाला औषधे पाठवतानाही हेच. सुटी गोळी कुणाची, कशाची, केव्हाची, हे विमानतळावरच्या अधिकाऱ्यालाही कळत नाही आणि तिथल्या डॉक्टरलाही.

ता. क.

अब्बा आता बरे आहेत. डॉक्टरांनी गोळीची मात्रा तीच ठेवली आणि गोळी घ्यायची ती पाकिटातून काढून लगेच, अशी ताकीद दिली. त्या आकडीचे कारण काय होते ते आम्हाला कधीच पक्के कळणार नाही. डॉक्टरांनी ते आमच्या माथी मारले नाही, हा त्यांचा भलेपणा. पण रविवारी रात्री इशानंतर हात आपोआप त्या फळीकडे जातो, तेव्हा आम्हाला आमचे उत्तर ठाऊक असते.

डबी गेली, तरी अब्बांना आजची गोळी घेतली की नाही हे विसरायला होतेच. त्यावर आमच्या धाकट्या मुलीने तोड काढली. तिने पाकिटाच्या मागे, प्रत्येक गोळीच्या खाली, उर्दूत वार लिहायला घेतले: पीर, मंगल, बुध, जुमेरात, जुमा. अब्बा मराठीपेक्षा उर्दू चटकन वाचतात. तिने मोठ्या हौसेने बॉलपेन दाबून 'पीर' लिहिले आणि आम्ही त्याचा फोटो काढून आमच्या तपासनीस विद्यार्थिनीला पाठवला. वाटले, शाबासकी मिळेल.

तिचा लगेच फोन आला. "सर, बॉलपेन? वीस मायक्रॉनच्या वर्खावर?"

आम्ही ते पाकीट दिव्यासमोर धरून पाहिले. भोक काही दिसले नाही. पण भोक दिसत नसते हे आता आम्हाला ठाऊक होते. ती सोमवारची गोळी आम्ही बाजूला काढली. आता मुलगी आधी कागदाच्या चिठ्ठीवर वार लिहिते आणि मग ती चिठ्ठी पाकिटावर चिकटवते.